पाण्यात गेलेली वीट

१ डिसेंबर २०२१ हा दिवस रायगडमधल्या कर्जत-खालापुरातला एकही वीटभट्टीवाला विसरणार नाही. दिवाळी होऊन हंगाम नुकता सुरू झालेला, खळ्यावर कच्च्या विटा वाळत घातलेल्या आणि अवकाळी पाऊस जो लागला तो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलाच नाही. उघडीप मिळाल्यावर भट्टीवर गेलो, तर विटांच्या ओळींच्या जागी नुसता रेंदा. कडेच्या काही विटांवर साच्याची खूण तेवढी ओळखू येत होती.

आमच्या भट्टीवर जवळच्या वाड्यांमधल्या कातकरी जोड्या काम करतात. नवरा-बायको मिळून एक जोडी. संध्याकाळी माती भिजवायची, तूस घालून चिखल मळायचा, मध्यरात्र उलटली की उठून विटा पाडायला बसायचं. ऊन चढेपर्यंत हजाराच्या आसपास वीट पडते आणि मजुरी हजारावरच मिळते. पण मोजायची कधी? बऱ्याच ठिकाणची रीत अशी, की वीट वाळून भट्टीत रचली की मगच मोजायची. त्याआधी पावसात गेली तर ती मजुराची गेली.

त्या सकाळी सगळी माणसं खळ्याच्या कडेला उभी होती. कोणी भांडलं नाही. भट्टीवरचे सगळ्यात जुने बाबा एवढंच म्हणाले, “शेठ, पाण्यात गेलेली वीट कोनाच्या वहीत लिवायची?”

“माझ्या,” मी म्हणालो. आदल्या संध्याकाळपर्यंत पाडलेल्या विटा प्रत्येक जोडीने सांगितल्या तशा लिहून घेतल्या आणि त्यांची मजुरी धरली.

दुपारपर्यंत धंद्यातल्या मित्रांचे फोन सुरू झाले. “एकदा सवय लावलीस की दर अवकाळीला खिशात हात घालावा लागेल. वर आमचे मजूरही तेच मागायला लागतील.” त्यांची भीती खोटी नव्हती. भट्टीला भांडवल लागतं, कोळसा-तूस रोखीने घ्यावं लागतं आणि पाऊस कोणाच्या हातात नसतो. पण जागा माझी, माती माझी, किती ताडपत्री घ्यायची हा निर्णय माझा, भाव वाढला तर होणारा नफाही माझा. मग नुकसान तेवढं रात्री जागून वीट पाडणाऱ्याचं कसं? मालक म्हणवून घ्यायचं तर जोखीम आपल्या अंगावर घ्यावी लागते. यात मी उपकार केले असं मला वाटत नाही.

खरा प्रश्न पावसापेक्षा उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांचा आहे. पावसाळ्यात वाडीवर काम नसतं, घरातलं धान्य संपत येतं, आजारपण असतं, गणपतीच्या सुमाराला पैसे लागतात. तेव्हा भट्टीवाला किंवा मुकादम जाऊन उचल देऊन येतो. हंगामात आठवड्याच्या खर्चापुरते पैसे, म्हणजे खर्ची, देतो आणि शेवटी हिशेब करतो. वही मालकाची, आकडे मालकाचे. मजुराला वाचता येत नसेल तर बाकी निघतेच आणि ती बाकी पुढच्या वर्षी त्याला पुन्हा त्याच भट्टीवर ओढून आणते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. असं माणूस अडकवणं गुन्हा आहे, हे कायदा सांगतो. पण कायदा पोहोचेपर्यंत वही मालकाच्याच हातात असते, म्हणून मालकाची नियत मला महत्त्वाची वाटते.

या आमच्या मातीत हा प्रश्न फार आधी एका माणसाने ओळखला होता. माथेरानला जन्मलेले हुतात्मा भाई कोतवाल आपल्याला आठवतात ते ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या आझाद दस्त्यासाठी आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर आलेल्या वीरमरणासाठी. पण त्याआधी वकिली शिकलेल्या या तरुणाने शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या होत्या. भूक लागलेल्या माणसाकडून काहीही कबूल करून घेता येतं, हे त्यांना कळलं होतं. लोक त्यांच्यामागे जंगलात गेले, त्याची मुळं मला त्या कोठ्यांत दिसतात.

आमच्या भट्टीवर आता प्रत्येक जोडीची स्वतःची वही असते. खर्चीच्या दिवशी आठवड्याची वीट आणि दिलेले पैसे दोन्हीकडे लिहायचे आणि मोठ्याने वाचायचे. आश्रमशाळेत शिकणारी एक मुलगी सुट्टीत आली की सगळ्यांच्या वह्या तपासते. एकदा तिने माझी बेरीज थांबवून “शेठ, इथं मागची खर्ची दोनदा धरली,” असं सगळ्यांसमोर सांगितलं. आमची वही लिहिणाऱ्या पोराची ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त झाली. हंगाम संपला की सहसा बाकी शिल्लक राहत नाही. राहिली तर मी ती सोडतो, पुढे ओढत नाही.

यामुळे धंद्याचं काय झालं, असं मला नेहमी विचारतात. नफा थोडा घटला, हे खरं. पण पुढे एकदा रात्री अवकाळी आला, तेव्हा मी घरून निघून पोहोचेपर्यंत खळ्यावर ताडपत्र्या अंथरून झाल्या होत्या. ताडपत्री पुरली नाही तिथे बायांनी आपल्या झोपड्यांवरचं प्लास्टिक काढून आणलं होतं आणि पोरं भिजत उभी होती. पोरांना आधी आडोशाला न्यायला लावलं. त्या रात्री कोणीही हाक मारायला गेलं नव्हतं. तरीही मी म्हणेन, की एकही वीट वाचली नसती तरी २०२१ ची मजुरी देणंच योग्य होतं.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात नाही. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या पट्ट्यात इमारती आणि फार्महाऊसं झपाट्याने उभी राहताहेत. वीट लगेच हवी असते आणि पैसे ‘बिल पास झाल्यावर’ मिळतात. ती उधारी उतरत उतरत शेवटी खळ्यावर येते. तुम्ही इथे घर बांधत असाल तर एवढं करा. ज्याच्याकडून वीट घेताय त्याच्या भट्टीवर एकदा जा, मजुरांकडे स्वतःची वही आहे का ते विचारा. आणि विटेचे पैसे मे महिन्याच्या आत चुकते करा. पावसाच्या तोंडावर माणसं वाडीवर परततात, तेव्हा त्यांच्या हातात पुरा हिशेब पडायला हवा.