एंजिनाला एरंडेल

लहानपणीं उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं एरंडेलाचा कार्यक्रम असे. एका सकाळीं पोट साफ झालें कीं वर्षभराची घाण निघून जाते, अशी आईची श्रद्धा होती. ती श्रद्धा माझ्या अंगीं किती मुरली आहे, हें परवां मला माझ्या मोटारीनें दाखवून दिलें.

जालन्यांत माझी मोटार धांवते ती घर ते कॉलेज, जेमतेम तीन किलोमीटर. एंजिन पुरतें तापण्यापूर्वींच प्रवास संपतो. मग पाण्याची ओल आणि न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरतें, तेल बिघडतें, आणि आंत काळा चिकट गाळ सांचतो. झांकण उघडून तो पाहिला, आणि मला एरंडेल आठवलें. बाजारांत यासाठीं द्रावणाची बाटली मिळते. गरम एंजिनाच्या जुन्या तेलांत ती ओतावी, गाडी जागेवरच ठेवून एंजिन दहापंधरा मिनिटें मंद चालवावें, मग सगळें तेल काढून नवें तेल व नवा फिल्टर घालावा, एवढाच विधि.

आमच्या मिस्त्रीनें मान हलविली. "सर, हिच्या पोटात वीस वर्षांचा गाळ आहे. एकदम सुटला तर जाईल कुठं?" मला तें अडाणीपणाचें वाटलें. दुसरीकडे जाऊन मीं विधि उरकून घेतला.

दुसऱ्या दिवशीं अंबडला निघालों. थोरल्या बंधूंशीं शेताच्या वाटणीवरून आठ वर्षें अबोला होता. मनांत सांचलेलें सारें एका बैठकींत बोलून मोकळें व्हावें, असा निश्चय होता. वाक्यें तोंडपाठ होतीं. निम्म्या वाटेवर तेलाचा लाल दिवा लागला. एंजिन तत्काळ बंद केलें, तेवढेंच माझें शहाणपण.

त्याच मिस्त्रीला बोलवावें लागलें. तो आला; 'सांगितलं होतं' असें मात्र म्हणाला नाहीं. गाडी ओढून नेऊन त्यानें खालचें चेंबर उघडलें. द्रावणानें आपलें काम चोख बजावलें होतें. पण सुटलेला गाळ तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर जाऊन बसला होता. चेंबरांत तेल भरपूर, आणि बेअरिंगें उपाशी! शिवाय जुन्या सीलांच्या फटी गाळानेंच बुजल्या होत्या, त्या उघड्या पडून तेल ठिबकूं लागलें होतें. त्यानें चेंबर व जाळी हातानें धुतली आणि पथ्य सांगितलें: तेल आणि फिल्टर लवकर लवकर बदलायचा, चांगल्या तेलांतच मळ सोडविणारीं द्रव्यें असतात, तीं हळूहळू काम करतात. आणि अधूनमधून गाडी लांब न्यायची, म्हणजे तेल तापून ओल उडून जाते.

पुढच्या रविवारीं मी बसनें अंबडला गेलों. तोंडपाठ भाषण घरींच ठेवलें होतें. दादांनीं दार उघडलें, "ये" म्हणाले. आम्ही मोसंबीच्या बागेविषयीं बोललों, पावसाविषयीं बोललों. वाटणीचा विषय निघाला नाहीं. निघतांना ते म्हणाले, "गाडी दुरुस्त झाली की पुन्हा ये."

गाडीला लांब फेरी हवीच आहे. अंबड त्यासाठीं बरोबर पुरतें.