लंडन ते ब्रायटन : शुल्क आणि दान

लंडनच्या क्लॅपहॅम कॉमन मैदानापासून समुद्रकांठच्या ब्रायटनपर्यंत सुमारें ५४ मैलांची वाट आहे. दरवर्षीं जून महिन्यांत हजारों सायकलस्वार ती एका दिवसांत आक्रमितात. हृद्रोगसंशोधनास धन पुरविणाऱ्या ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या संस्थेच्या साहाय्यार्थ १९८० पासून हा उपक्रम चालत आला आहे. अखेरीस डिचलिंग बीकन ही २४८ मीटर उंचीची टेकडी आडवी येते. तेथें पुष्कळ जण उतरून सायकल हातीं धरून चालतात. आकाश निरभ्र असल्यास माथ्यावरून समुद्र दिसतो.

रस्ता सार्वजनिक आहे; एरव्हीं तो फुकट आक्रमितां येतो. मग प्रवेशशुल्क कां द्यावें? शुल्कानें वाटाडे, वैद्यकीय साहाय्य, दुरुस्तीचे कारागीर आणि सोबत मिळते. ही व्यवस्थेची किंमत झाली. दान तें, जें स्वार आप्तेष्टांकडून संस्थेसाठीं जमवितो. म्हणून केवळ शुल्क भरून पुण्य पदरीं पडलें असें मानूं नये. ज्यास कोणापाशीं मागणें रुचत नाहीं, त्यानें तेवढी रक्कम सरळ संस्थेस पाठवावी आणि टेकडी एकट्यानें चढावी. मात्र ज्याच्या शब्दाखातर दहा घरें गांठ सोडतील, त्याचें शुल्क सत्कारणीं लागलें, यांत संशय नाहीं.