खांद्याचे अंश

ताप, वजन, रक्तांतील साखर यांचे आंकडे आतां घरोघर पाठ असतात. पण सांध्याची हालचालहि अंशांनीं मोजतां येते, आणि तिला परीक्षेंतल्याप्रमाणें गुणहि देतां येतात, हें आमच्या घरांत ठाऊक झालें तें थोरल्या वहिनींचा उजवा खांदा आखडला तेव्हां. वहिनींना मधुमेह आहे, व मधुमेह्यांत हा विकार इतरांपेक्षां अधिक आढळतो. सांध्याभोंवतालचें वेष्टन जाड होऊन आक्रसतें आणि हात महिनोन् महिने जखडून राहतो. दुखणें जीवावरचें नव्हे. परंतु ज्यांच्या हाताखालीं सारें फडताळ नांदलें, त्यांना वरच्या फळीवरचा डबा काढण्यासाठीं नातवाला हांक मारावी लागे, आणि तें त्यांना फार लागे.

एकत्र कुटुंबांत आजाऱ्याकडे दहा डोळे लागलेले असतात, ही सोय खरी. पण त्या डोळ्यांचीं मतेंहि दहाच. एकानें म्हणावें, "आज हात बराच वर जातो हो", दुसऱ्यानें म्हणावें, "छे, आहे तेथेंच आहे." दोन्ही मतांत प्रेम होतें, माहिती मात्र नव्हती. वहिनी दोघांचेंहि ऐकून गप्प बसत.

मग फिजिओथेरपिस्ट बाई येऊं लागल्या. त्यांचें साधन अगदीं साधें: कंपासपेटींतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडाव्या, तसें. मध्य खांद्याच्या सांध्याशीं, एक पट्टी काखेखालून कमरेकडे जाणाऱ्या रेषेवर, दुसरी दंडावरून कोपराच्या बाहेरच्या हाडाकडे. निरोगी हात समोरून वर जातां जातां १८० अंशांच्या जवळपास पोंचतो. वहिनींचा ८५ वर थांबला.

मला नवल वाटलें तें बाईंच्या दुसऱ्या हाताचें. तो सारा वेळ वहिनींच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्यावर होता. हात वर जातो तो एकट्या सांध्यामुळें नव्हे. ढोबळ मानानें तिसरा हिस्सा या फऱ्याचा असतो, आणि सांधा अडला कीं फरा त्याचें काम लपूनछपून करूं लागतो. पाठहि मागें कलून त्याला सामील होते. "काकू, आतां उताणें निजून हात वर करा," असें म्हणून बाईंनीं ती लबाडी बंद केली. पुढें त्यांनीं स्वतः हात उचलून पुन्हां मोजलें. दुसऱ्यानें उचलल्यावर हात बराच पुढें जात असेल, तर दोष स्नायूंत वा त्यांच्या दोरींत असण्याचा संभव. दोन्ही आंकडे लागून असले, तर सांधाच जखडलेला. वहिनींचे आंकडे ८५ आणि ९०. शिवाय बाईंनीं बजावलें कीं मोजणाऱ्याच्या हातीं पांचेक अंशांची चूक सहज होते. तेव्हां तीन अंश वाढल्याचे पेढे वांटूं नका.

गुणांचें कोष्टक मात्र मला तितकेंसें पटलें नाहीं. कॉन्स्टंट आणि मर्ली यांनीं १९८७ सालीं मांडलेली ही पद्धति: एकूण गुण १००, त्यांत वेदनेला १५, रोजच्या व्यवहाराला २०, हालचालीला ४० व शक्तीला २५. समोरून हात उचलण्याला तीस तीस अंशांच्या पायऱ्या. चौथ्या महिन्यांत वहिनी १२४ वर होत्या, सातव्यांत १४६ वर. कोष्टकांत दोन्ही वेळां आठच गुण! तीन महिन्यांच्या कण्हण्याला शून्य. वहिनी चिडल्या, आणि त्यांचें चिडणें मला रास्त वाटलें.

त्याच कोष्टकांतील पुढच्या दोन रकान्यांनीं मात्र घरांतील बायकांचीं मनें जिंकलीं. तेथें अंश नाहींतच. हाताची मागची बाजू पाठीवर कोठवर चढते, एवढेंच पाहावयाचें: मांडीपर्यंतच राहिली तर शून्य, नितंबापर्यंत दोन, कंबरेच्या तळाशीं चार, आणि दोन्ही फऱ्यांच्या मधोमध पोंचली तर दहा. पाठीमागें हुक लावणाऱ्या बाईला हें समजावून सांगावें लागत नाहीं. दुसऱ्या रकान्यांत हात डोक्यामागें नेऊन कोपर पुढें ठेवलें तर दोन गुण, कोपर मागें नेलें तर आणखी दोन. "म्हणजे अंबाड्याचे चार गुण," असें धाकटी सून चट्कन म्हणाली. ते चार गुण वहिनींना नवव्या महिन्यांत मिळाले. एकंदर आंकडा कोणी विचारलाहि नाहीं.

कोपर अंगाशीं ठेवून हात बाहेर वळविणें अजून अडतेंच. आणि मधुमेह्यांत एक खांदा सुटल्यावर दुसरा आखडणें विरळा नाहीं. म्हणून बाई आतां महिन्यांतून एकदां दोन्ही खांदे मोजतात. उजवा झाला कीं वहिनी न सांगतां डावा हात वर करतात आणि बाई आंकडा लिहीपर्यंत कोणाशीं बोलत नाहींत. परवां तो १६५ होता.