आईची गोधडी

परदेशी जायचे ठरले, की माणूस उगाचच शहाणा होतो. धाकट्या भावाकडे एडिंबराला निघालो तेव्हा माझेही तसेच झाले. जून म्हणजे तिकडचा उन्हाळा; मग गरम कपडे कशाला, असा माझा युक्तिवाद. सौ.ने तो न ऐकता स्वेटर, कानटोपी, रेनकोट भरले. तिकडचा प्लग चपट्या तीन पायांचा, म्हणून अडॅप्टरही आणवला. तुपाची बरणी तेवढी राहिली; दूधदुभत्याचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. वजन २३ किलोंवर गेले, तेव्हा आईच्या लुगड्यांची गोधडी मी हळूच बाहेर काढली. माझ्या लेखसंग्रहाच्या चार प्रती मात्र आत राहिल्या.

त्या उन्हाळ्याने माझी चांगलीच जिरवली. सूर्य रात्री दहाला मावळे, वाऱ्याने छत्री उलटी होई. एका दुपारीच स्वेटर चारदा चढवला नि उतरवला. सौ.ने दिलेली एकही वस्तू वाया गेली नाही.

पण पहिल्याच रात्री भावाने बॅग उपसून विचारले, "दादा, गोधडी नाही आणलीस?"

आई गेली तेव्हा त्याला येता आले नव्हते.

"अरे, तुझ्याकडे एवढ्या जाड रजया आहेत की!" मी म्हणालो. तो काही बोलला नाही. प्रती नीट रचून त्याने कपाटात ठेवल्या.

परतल्यावर गोधडी पोस्टाने धाडली. भरली अवघी दोन किलो. पुस्तकेही तेवढीच होती.