मुंबई ते जेद्दाह : तिकिटावरचे तीन तास

गेल्या जानेवारीत अम्मीला घेऊन आम्ही उमराहला गेलो. तिकिटावर लिहिले होते : मुंबईहून प्रस्थान दुपारी २.००, जेद्दाहला आगमन ४.५०. तीन तासही नाहीत! अम्मी म्हणाली, "एवढ्यात तर आपल्या गावाहून मुंबईसुद्धा येत नाही. अब्बा हजला गेले तेव्हा जहाजात आठवड्यावर दिवस काढले होते."

मुंबई ते जेद्दाह हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. ताशी साडेआठशेच्या वेगानेही चार तासांवर लागतात. चढणे-उतरणे आणि हिवाळ्यात समोरून येणारा पश्चिमेचा वारा धरला की पाच-साडेपाच तास होतात. तिकिटावर मात्र दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात.

हेच आम्ही वर्गात शिकवतो. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्ताची, सौदी अरबची ४५ अंश पूर्वेची. फरक साडेसदतीस अंशांचा. अंशाला चार मिनिटे, म्हणजे अडीच तास. पण तिकीट हातात आले तेव्हा फळ्यावरचे गणित काही आठवले नाही.

अम्मीला साखरेचा आजार. संध्याकाळची गोळी सहाला. त्याआधी पोहोचूच, म्हणून आम्ही गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या आणि ती बॅग सामानात गेली. अम्मीने मनगटावरचे घड्याळ पाहून गोळी मागितली, तेव्हा विमान अजून आकाशात होते आणि आम्हाला मान वर करवेना.

तेवढ्यात मीकात जवळ येत असल्याची घोषणा झाली. विमान मिनिटाला चौदा किलोमीटर कापते, त्यामुळे मीकात केव्हा मागे पडली ते कळतही नाही. आम्ही आधीच एहराम बांधून बसलो होतो. नीयत केली, तल्बिया सुरू केला. अम्मीचा आवाज सर्वांत स्पष्ट होता.

उतरल्यावर घरी फोन केला. मुलगी म्हणाली, "आमची मगरिब केव्हाच झाली." इकडे असरची वेळ होती. बॅग हाती येऊन अम्मीने गोळी घेतली तेव्हा तिच्या घड्याळात नऊ वाजत आले होते. अल्लाहच्या फजलने त्रास झाला नाही. पण ते तीन तास आम्ही विसरणार नाही.

म्हणून वाचकांना विनंती : जाताना तिकिटावरच्या फरकात अडीच तास मिळवा, येताना वजा करा. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, त्यांच्या वेळा डॉक्टरांना आधी विचारा. रोजा असेल तर घड्याळ नव्हे, सूर्य पाहा. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो.

परतीचे विमान संध्याकाळी ६.३० चे होते, मुंबईला रात्री १.४५ ला. अम्मीने बोटांवर मोजले : "सव्वासातातून अडीच गेले, पावणेपाच तास. वारा पाठीमागून असेल ना?" गोळ्यांची डबी तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली होती.