तारा आकाशातला आणि पुस्तकातला

नाताळ आला की बीडमध्ये आमच्या शेजारच्या सरांच्या दारात कागदाची चांदणी लागते. आमचा आकाशकंदील उतरतो आणि यांची चांदणी चढते, एवढंच लहानपणी कळायचं. तिच्यामागे केवढी मोठी गोष्ट आहे ते कळलं २०२० मध्ये.

लॉकडाऊनमुळे पुण्याची खोली सोडून लॅपटॉपसकट बीडला आलो होतो. २१ डिसेंबरला गुरू आणि शनी आकाशात जेमतेम ०.१ अंशावर आले. गच्चीवर सरांना म्हटलं, "सर, हाच तो बेथलेहेमचा तारा ना?" इंटरनेटवर वाचलं होतं की इ.स.पू. ७ मध्ये गुरू-शनी मीन राशीत तीनदा जवळ आले होते आणि केप्लरनेही तो हिशोब मांडला होता. पण तेव्हा दोघांत साधारण एक अंशाचं अंतर होतं, म्हणजे एक तारा दिसलाच नसता.

सर म्हणाले, "आकाशात नको शोधू रे, पुस्तकात शोध."

तर मंडळी, पुस्तकातली गोष्ट अशी. जुन्या करारात 'गणना' नावाचा ग्रंथ आहे. मवाबचा राजा बालाक इस्राएल लोकांना शाप देण्यासाठी बलाम नावाचा परका द्रष्टा बोलावतो. बलाम शापाऐवजी आशीर्वाद देतो आणि सांगतो, याकोबाच्या वंशातून एक तारा निघेल. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेचे ज्योतिषी तारा बघून निघतात. त्यात ते तीन होते असं नाही, राजे होते असं नाही, उंटही नाहीत. राजे, उंट, सोनं आणि ऊद हे सगळं यशयाच्या ६०व्या अध्यायात आहे. लोकांनी दोन्ही चित्रं एकत्र केली. आपल्याकडे फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातही (१६१६) आधी जुन्या कराराचं पुराण, मग ख्रिस्ताचं, तेही मराठी ओव्यांत!

माझ्यातला इंजिनिअर गप्प बसेना. "सर, टेस्ट केस आधी लिहिलेली असली की कोड पास करणं सोपं. गोष्ट भविष्यावर बेतलेली नसेल कशावरून?"

सर हसले. "मत्तय गावासाठी मीखाचा दाखला देतो. ताऱ्यासाठी बलामचा देतच नाही. बेतायचीच होती तर हातातलं वाक्य सोडलं असतं का?"

पूर्ण पटलं असं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

तेच वाक्य दुसरीकडे फार महाग पडलं. इ.स. १३२ मध्ये रोमविरुद्ध उठलेल्या शिमोनला रब्बी अकिवांनी बलामचा तारा मानलं. लोक त्याला बार कोखबा, म्हणजे ताऱ्याचा पुत्र, म्हणू लागले. १३५ मध्ये बंड चिरडलं गेलं, असंख्य माणसं मेली. मागून त्याच नावाचं बार कोझिबा केलं गेलं, लबाडीचा पुत्र.

हे ऐकताना मला ताई आठवत होती. आमच्या घरात ग्रह म्हणजे आडवे येणारे. तिचं ठरत आलेलं लग्न मंगळामुळे मोडलं. आजही विषय निघाला की आई उठून आत जाते. म्हणून विचारलं, "सर, तुमच्या बायबलमध्येही ज्योतिषी मोठेच की!"

"तेच बायबल नक्षत्रं बघणाऱ्यांची थट्टाही करतं," सर म्हणाले. "या ताऱ्याने कुणाला अडवलं का ते बघ. त्याने फक्त उठून चालायला लावलं."

घरी येऊन मत्तयाचा दुसरा अध्याय वाचला. हेरोद शास्त्र्यांना विचारतो, ख्रिस्त कुठे जन्मणार? ते लगेच सांगतात, बेथलेहेम. संदर्भ तोंडपाठ. यरुशलेमपासून हे गाव आठ-दहा किलोमीटर, आपल्या बीडपासून बिंदुसरा धरण असेल तेवढंच. पण शास्त्र्यांपैकी कुणी गेल्याचं लिहिलेलं नाही. गेले ते परके, ज्यांच्याकडे पोथी नव्हती, फक्त तारा होता.