डब्यावरचे नाव

दरवर्षी वैशाख सरता सरता मी मंडईत कैऱ्या आणावयास जातो. त्या तिथेच अडकित्त्यावर फोडून घेतो आणि सोबत नेलेल्या पत्र्याच्या डब्यात भरून आणतो. डबा मुळात बिस्किटांचा; झाकणावरचे चित्र आता अर्धेअधिक पुसले आहे. घरी येताच फोडी त्यातून काढाव्या लागतात. मीठ लागलेली कैरी पत्र्यात राहिली की डबा गंजतो आणि लोणचेही हातचे जाते. हे शास्त्र मला सेमिनरीत कोणी शिकविले नाही. ते आईचे.

आमच्या घरी डबा म्हणून विकत आणलेला डबा जवळजवळ नव्हताच. ताडाच्या झाडाचे चित्र असलेल्या डालड्याच्या पिवळ्या डब्यात पोहे, कॉफीच्या बाटलीत जिरे, तेलाच्या चौकोनी डब्यात तांदूळ. कान तुटलेला कप हे मिठाचे माप. मात्र या पसाऱ्याला आईचे कडक नियम होते. तेलाचा डबा राखेने घासून दोन उन्हे खाल्ल्याशिवाय धान्याला लागायचा नाही. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवायचे नाही, ते कळकते. हिंगाची डबी जन्मभर हिंगाचीच.

मंडईच्या इमारतीकडे पाहतानाही मला कधी कधी आईची फळीच आठवते. १८८६ साली ती उघडली, तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट म्हणत. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी तिच्यावरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा असे त्यांचे म्हणणे. आज त्या अष्टकोनी मनोऱ्याखालच्या मंडईला नाव आहे ते त्यांचेच. डबा तोच, चिठ्ठी बदललेली! असो.

चिठ्ठीवाचूनच्या बाटलीची एक गोष्ट मात्र मला सांगितली पाहिजे. २००४ सालची. धर्मगुरुनिवासात स्वयंपाकाला एक मावशी येत. सोबत त्यांची तीन वर्षांची नात असे. स्टोव्हसाठी आणलेल्या रॉकेलचा कॅन गळू लागला, म्हणून मी ते सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतले आणि बाटली खालच्या फळीवर ठेवली. काटकसरीचा मला थोडा अभिमानही वाटला असावा. दुपारी मुलीने त्यातला घोट घेतला.

तिला ठसका लागला, डोळे पांढरे झाले. ओकारी व्हावी म्हणून मी मिठाचे पाणी कालवू लागलो. शेजारच्या एक परिचारिका धावत आल्या आणि त्यांनी माझ्या हातातला पेला अक्षरशः हिसकावून घेतला. रॉकेल पोटात गेल्यावर ओकारी काढू नये, उलटताना ते फुप्फुसात उतरते, हे मला ठाऊक नव्हते. रिक्षात मुलगी माझ्या मांडीवर होती. तिच्या श्वासाला येणारा तो वास मी अद्याप विसरलेलो नाही. रात्रभर तिला रुग्णालयात ठेवले. सकाळी तिने दूध मागितले.

मावशींनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही आणि तेच मला जड गेले. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातील प्रत्येक बाटलीवर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटविल्या. मावशींनी त्या पाहिल्या.

"फादर, लेकराला वाचता कुठं येतंय? आणि मला तरी?"

मग त्यांनी जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी फाडली, नव्या कॅनच्या गळ्याला बांधली आणि तो माझ्याकडून माळ्यावर ठेवून घेतला. सरबताची बाटली त्यांनी घरात ठेवू दिली नाही; भंगारवालीला देऊन टाकली.

आता स्टोव्ह नाही, रॉकेलही नाही. चिंधी फिनेलच्या डब्याच्या गळ्यात आहे. नवे सहायक धर्मगुरू आले की ते विचारतात, आणि मी त्यांना ही हकीकत सांगतो.

यंदा ती मुलगी लोणचे मागावयास आली होती. नोकरी करते, येताना आईस्क्रीमचा प्लास्टिकचा रिकामा डबा घेऊन आली. मी त्यात लोणचे दिले नाही. असल्या पातळ डब्यात तेल आणि खार टिकत नाही. मधाची एक काचेची बाटली उन्हात वाळवून ठेवली होती, ती भरून दिली. तिने पिशवीतून पेन काढले, मधाच्या कागदावरचे नाव खोडले आणि वर लिहिले, 'कैरी'.